घरची वेळ

“बाई, काटे फिरवू नका!” साहेब ओरडला.

घड्याळवालीचा हात थबकला. सेल बदलला की भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लावायची, ही तिची सवय.

“आम्ही एक्सपॅट. कंपनीनं धाडलेली माणसं,” साहेबानं घड्याळ हिसकावून घेतलं. “आज इथं, उद्या घरी. आमच्या मनगटावर घरचीच वेळ राहणार. आणि तुम्ही? आपल्याच देशाच्या, पण एका ट्रामवाल्यापायी समुद्र ओलांडलात. एक्सपॅट कसल्या, तुम्ही तर लव्हपॅट!”

बरोबरचे चौघे खो खो हसले. प्रत्येकाच्या मनगटावर तीच, घरची वेळ.

“उद्या नवऱ्यानं हाकललं म्हणजे?” एकानं विचारलं.

“दुकान माझं आहे,” ती म्हणाली. “आणि मला कुणी धाडलेलं नाही. मी आपल्या पायांनी आले.”

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाच्या पाटीवर हातभर लाल अक्षरांत रंगवलं : लव्हपॅट.

“अगं, लोक हसतील!” ट्रामवाला कळवळला.

“हसू देत. हसायला थांबले की मनगटाकडे लक्ष जातं. निम्म्यांची घड्याळं बंदच असतात.”

शब्दकोशवाले काय वाटेल ते सांगोत, शब्द सुटला तो त्या पाटीवरून. ट्रामच्या खिडक्यांतून गावभर गेला. बायकोसाठी आलेला न्हावी छाती काढून स्वतःला लव्हपॅट म्हणवू लागला. बंदरात तर म्हणे, बोट लागली की हमालच विचारायचे, “कामाला आलात, की लव्हपॅट?” साहेब मात्र समोरच्या बेकरीत रोज पाव घ्यायला यायचा आणि पाटीकडे पाठ करून उभा राहायचा. एकट्या माणसाला एवढा पाव लागतो कशाला, हे कोडं घड्याळवालीला काही उलगडत नव्हतं.

मग कंपनीनं इथला गाशा गुंडाळला. चौघे सोबती सामान घेऊन विमानतळाकडे गेले. त्याच संध्याकाळी साहेब दुकानात आला. घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं.

तिनं कानाला लावून पाहिलं. “चांगलं चाललंय की! विमान चुकेल तुमचं.”

“चुकवलंय. नोकरीही सोडली.” साहेबाचे कान लाल झाले होते. त्यानं मागे वळून पाहिलं. समोर बेकरीवाली शटर ओढून, हात झटकत त्याची वाट बघत उभी होती.

“काटे फिरवा, बाई.”