सवतीचा टाक

"मळाचं वजन वजा करताय, तर मळ तरी मला परत द्या की, शेठ," चांगुणा म्हणाली.

जालिंदरशेठ हसले. दौंडच्या पेठेत त्यांचं चांदीचं दुकान होतं. वजनात घट धरली म्हणून चिडणारी गिऱ्हाइकं त्यांना रोजची होती. मळ परत मागणारी ही पहिलीच.

"नुसता मळ नाही, ताई. सांध्याला डाग दिलेला असतो, त्यात चांदी कमी. आटवताना जळते ती वेगळी. घट धरली नाही तर आमचं पोट कसं चालायचं?"

"पोट बरं दिसतंय की तुमचं."

चांगुणाच्या शेजारी बसलेल्या सविताला एरवी हसू आलं असतं. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

काट्यावर तोड्यांचा जोड होता. जुन्या घडणीचा, भरीव. शेठनी एका कडेला कानस मारून पाहिली. आतपर्यंत पांढरीशुभ्र चांदी. पेटीत पडून राहिली की चांदी काळवंडते. हे तोडे उजळ होते, परवापरवापर्यंत कुणाच्या तरी पायात असल्यासारखे.

असे तोडे शेठ कधी आटवत नसत. घट कापून मोडीच्या भावानं घ्यायचे, रिठ्याच्या पाण्यात उकळून ब्रशनं घासायचे, की जुनं शोधत पुण्याहून येणारी माणसं तेच तोडे हौसेनं, वर मजुरी देऊन नेत. घेताना घट, विकताना मजुरी. दुकान या दोन टोकांवर उभं होतं.

"मांडवगणच्या म्हणालात ना तुम्ही? मग शिरूर सोडून इकडं कशा आलात?"

"शिरूरला समदी वळखीची. आमी घरी पोचायच्या आत बातमी पोचंल."

"बरं. मग जोड मोडीत घालू?"

"आधी ह्यातनं एक टाक करायचा. बाईचा. हिच्या गळ्यात घालायला."

शेठनी सविताकडे पाहिलं. बायको मेलेल्याच्या घरात जी नांदायला जाते, ती पहिलीच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची छोटी आकृती, गळ्यात घालते. पहिलीला मान मिळाला की ती दुसरीला त्रास देत नाही, असं लोक मानतात. वर्षाकाठी दोनतीन टाक दुकानातून जात.

"ही तुमची कोण?"

"धाकटी भन. न्हावऱ्याला दिली हुती, पर नवऱ्यानं सोडलं. आता चांगलं घर हाय. माणूस दारू पीत न्हाई. दोन लेकरं हायत, ती आत्तापासनंच हिच्या मागं मागं असत्यात."

"आक्का, बास की," सविता पुटपुटली.

शेठनी खण उघडून तयार टाकांचा डबा पुढे केला. "यातला निवडा. वजन तोड्यांतून वळतं करतो."

"ह्यो नगं. ह्या तोड्याच्या चांदीचाच पायजे."

"ताई, चांदी ती चांदी."

"तुमाला, शेठ. हिला न्हाई." चांगुणानं सविताच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या मावशीला सवतीच्या भुतानं छळली म्हून लहानपणी ऐकलं, तवापासनं हिनं धसका घेतलाय. लग्नाला व्हय म्हणंना. म्हणती, तिच्या चुलीम्होरं मी कशी बसू? त्या बाईच्या अंगावरची चांदी हिच्या गळ्यात पडली, तरच हिचं मन घट्ट व्हईल. डब्यातला कुणाचा कोण टाक, त्याला ही काय म्हून हाक मारंल?"

शेठनी तोडा हातात घेऊन फिरवला. कापला की जोडाची किंमत गेली. मग उरली ती नुसती मोड.

"बाईंच्या माणसाला चाललं हे?"

"त्यास्नी सांगितलंच न्हाई," सविता पहिल्यांदा वर पाहून म्हणाली. "दाजी रडत्याल."

"फार जीव होता वाटतं?"

"हुता," चांगुणा म्हणाली आणि गालात हसली. "भांडणंबी लय व्हायची. बाई तोंडाची फटकळ. पर भाकरी करावी तर तिनंच."

शेठनी एक तोडा कापला आणि तुकडा घेऊन मागच्या भट्टीपाशी गेले. चांगुणा उठून दारात उभी राहिली. मुशीत चांदी विरघळेपर्यंत तिनं नजर काढली नाही. शेठनी रस ओतला, पत्रा ठोकला, ठशावर धरून हातोडी मारली. बाईचा आकार उठला. हात जोडलेली, डोक्यावर पदर घेतलेली. कडेला कडी डागून त्यांनी तो काळ्या दोऱ्यात ओवला.

उरलेल्या मोडीत सविताला नवी जोडवी दिली, वरचे पैसे चांगुणाच्या हातात ठेवले. टाकाची मजुरी धरली नाही. घटही नावालाच धरली.

"असंच केलं तर दुकान कसं चालायचं?" चांगुणानं विचारलं.

"एवढ्यानं बुडत नाही. हं, हिला पूर्वेकडं तोंड करून बसवा. टाक पाण्यात बुडवायचा, गेलेल्या बाईचं नाव घ्यायचं, मग गळ्यात घालायचा. नाव काय त्यांचं?"

सविता तोंडात पदर कोंबून रडायला लागली. चांगुणानं काउंटरवरच्या तांब्यात टाक बुडवला आणि तिच्या गळ्यात घातला.

"चांगुणा. मीच ती, शेठ. डाक्टरनं दिवाळीपतूर सांगितलंय. माझ्या हातानं घातला, म्हंजी मागनं ही मला भ्यायची न्हाई."