स्वच्छ वर्तुळ

लॅबमध्ये कामिनीनं चारही प्लेटा एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या आणि टेबलावर ठेवून दिल्या.

"ताई, एकही वर्तुळ नाही. काहून असं होऊन राहिलं?"

दीक्षानं फोन पालथा ठेवला. सकाळपासून तिनं तो सहा वेळा पाहिला होता. तिच्या सहा महिन्यांच्या पोरीला, गार्गीला, काल दुपारपासून ताप होता. बेसाच्या घरी पोरीजवळ दीक्षाचा नवरा धम्मानंद होता; बुटीबोरीच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून तो घरीच असायचा.

"दाखव बरं," दीक्षा म्हणाली. खरं तर पाहायची गरज नव्हती.

प्लेटांवर जंतूंचा पातळ दुधी थर उगवला होता, सगळीकडे सारखा. कामिनीनं जिथं थेंब सोडले होते, तिथं भोवतालचे जंतू मरून काचेसारखं स्वच्छ वर्तुळ पडायला हवं होतं. थेंबातला जंतू तसा मारेकरीच. शेजारी परका जंतू आला की एक विषारी प्रथिन सोडून त्याला संपवायचा. दीक्षानं तो आपल्या आईच्या, इंदूबाईंच्या, दह्याच्या गाडग्यातून वेगळा काढला होता आणि बाळंतपणाला जाताना कामिनीच्या हाती सोपवला होता.

अकराला कमिटी येणार होती. प्रोजेक्ट आणखी तीन वर्षं चालणार होता, पण त्यात दोघींपैकी एकीलाच ठेवणार होते. दीक्षा रजेवर असताना कामिनी लॅबच्या प्रमुख सरिता मॅडमना म्हणाली होती, "दीक्षाताई आता कुठल्या येतात, पोरगी लहान आहे त्यांची." कुणीतरी ते नेमकं दीक्षाच्या कानावर घातलं. हीच कामिनी गार्गीच्या नामकरणाला हातानं शिवलेलं झबलं घेऊन आली होती.

सात महिने या नळीतून त्या नळीत उचलत राहिलं, की हा जंतू विष बनवणं विसरतो. म्हणून मूळचा जंतू गोठवून ठेवतात. तो डीप फ्रीझरमध्ये 'इंदू-१' लिहिलेल्या डबीत होता. डबी कुठं आहे, हे जाताना कामिनीला सांगायचं राहून गेलं होतं. परत आल्यावरही राहिलंच.

"होते गं असं कधी कधी," दीक्षा म्हणाली.

सरिता मॅडम दोन पाहुण्यांना घेऊन आल्या. कामिनीनं आपल्या प्लेटा पुढे केल्या आणि खाली पाहत उभी राहिली. मग दीक्षानं इनक्युबेटरच्या अगदी खालच्या कप्प्यातून एक प्लेट काढली. 'इंदू-१'चे पाच थेंब, पाच वर्तुळं.

"वा!" म्हातारे सर चष्मा वर करून वाकले. "पण स्वतःच्याच विषानं हा मरत नाही?"

"नाही, सर. विषाबरोबर त्याचा उताराही बनवतो. पोटच्यांकडेही तो उतारा असतो."

"मग हे भोवताली मेलेत, ते कोण?"

दीक्षानं प्लेट उजेडात धरली.

"पोटचेच आहेत, सर. कामिनीच्या नळीतले. विष विसरले, त्यासोबत उताराही विसरले."

"म्हणजे सात महिन्यांचं तिचं काम..."

"त्यात आता काही उरलं नाही, सर."

टेबलावर फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. सरिता मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. दीक्षानं प्लेट दुसऱ्या पाहुण्यांच्या हाती दिली.

साडेबारापर्यंत निकाल सगळ्यांना कळला होता.

लॅबचा एक नियम होता: ज्यानं जी कल्चर वाढवली, त्यानंच ती मारायची. कामिनी सात महिन्यांच्या नळ्यांचा रॅक घेऊन वाफेनं जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हपाशी आली. एकेक नळी आत ठेवली, झाकण लावलं, एकेक स्क्रू आवळला. वाफ धरायला लागली.

"ताई," ती पाठमोरीच म्हणाली, "मी काल संध्याकाळी म्हटलं होतं ना, तुम्ही घरी जा, गार्गीले ताप आहे, मी थांबते. तर तुम्ही मलेच पिटाळलं."

दीक्षा टेबलावरच्या प्लेटा गोळा करू लागली.

"मले वाटलं, माझ्या प्लेटांसाठीच थांबून राहिल्या तुम्ही."

ऑटोक्लेव्हची शिटी वाजली. कामिनीनं हात पुसले, ओढणी सारखी केली, दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळली.

"उतरला का पोरीचा ताप?"

"उतरला," दीक्षा म्हणाली.

फोन टेबलावर पालथाच होता, सकाळी ठेवला तसा.