जाड बाजू दाराकडे

“जाड बाजू दाराकडे. डोकं चालवू नकोस, चावदार. नुसतं दाराकडे बघ.”

पेन्को मिस्त्री जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरी गॅरेजच्या खड्ड्यात उतरलं की चावदारच्या कानात हा आवाज यायचाच. आजही आला. डोक्यावर ओगन्यानची जुनी लष्करी जीप उभी होती. छताचं कापड फाटलेलं, डावा दरवाजा आत चेपलेला. बर्फ वितळेपर्यंत ती दरीतच पडून होती. परवा ट्रॅक्टरनं ओढून आणली आणि तशीच तोंडानं आत ढकलली.

वर, मुलाच्या जागेवर, ओगन्यानची आई रुसाकाकू बसली होती. चावदारनं नको नको म्हटलं होतं. पण स्टिअरिंग हलवायला कुणीतरी लागतंच, आणि ती उठायला तयार नव्हती.

“हलवू का रे?”

“हलवा काकू. डावीकडं, उजवीकडं. जोर नको. पाळणा हलवतात तेवढंच.”

वर क्षणभर काहीच झालं नाही. मग चाक हलू लागलं. चावदार एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेला. सांधा झिजला असेल तर बोटाला टिचकी बसते. एकाही सांध्यात बसली नाही.

“फार जड आहे रे,” काकू म्हणाली. “इतकं जड फिरवत होता माझा पोर?”

चावदारनं शेवटचा सांधा पुन्हा चाचपला. गाडीसकट दरीत जाण्याच्या आठवडाभर आधी ओगन्यान दारात येऊन म्हणाला होता, “चावदारदादा, गाडी उंच केल्यापासून भटकते. सरळ रस्त्यावरसुद्धा चाकाशी भांडावं लागतं.” त्या दिवशी थंडी होती, हातात दुसरं काम होतं. चावदार खाली उतरलाच नाही. वरच्या वर स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि म्हणाला, जा, आता नाही भटकणार.

“काय चावदार!” रस्त्यावरून देल्चो ओरडला. “त्या गाडीखाली काय शोधतोस? सीटखाली बघ, बाटली तिथं असेल!” मग त्याला स्टिअरिंगमागे रुसाकाकू दिसली. त्यानं टोपी काढली, परत घातली आणि निघून गेला.

स्टिअरिंग हलायचं थांबलं होतं.

“ऐकलंस? गाव हेच म्हणतं. पाद्रीबाबासुद्धा म्हणाले, देव क्षमा करेल त्याला. कशाची क्षमा? ईस्टरच्या उपवासांचा पहिला आठवडा होता. दुधाला शिवत नव्हता माझा मुलगा, दारू कुठली?”

“मला माहीत आहे, काकू.”

“तुला माहीत असून काय उपयोग? उद्या चाळिसावा दिवस. उद्यापर्यंत जीव घराभोवती असतो, मग जातो. हे असलं ऐकत जायला नको त्यानं.” ती सावकाश खाली उतरली आणि खड्ड्याच्या काठाशी वाकली. “जे निघेल ते मला सांगशील? कुणाचंही नाव निघो?”

“सांगेन.”

“शपथ घेऊ नकोस. उपवासात शपथ घेऊ नये. नुसतं सांग.”

“सांगेन, काकू.”

“मग मी जाते. उद्या कबरीवर न्यायचा गहू शिजत ठेवलाय.”

ती गेल्यावर चावदारनं बॅटरी पेटवली. आता पाचरीच तेवढ्या बघायच्या राहिल्या होत्या. गाडी उंच केली की पुढच्या अ‍ॅक्सलचा कल बिघडतो आणि गाडी भटकते, म्हणून स्प्रिंगचा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन्हीकडं एकेक लोखंडी पाचर घालायची. जाड बाजू गाडीच्या मागच्या अंगाला. या गॅरेजमध्ये प्रत्येक गाडी तोंडानं आत येते, तिची पाठ दाराकडे असते. म्हणून मिस्त्रींचा तो सोपा नियम.

बॅटरीचा उजेड पाचरीवर पडला. जाड बाजू भिंतीकडे होती.

दुसरी बघितली. तीही भिंतीकडे. तो खड्ड्यातून वर आला. जीपचं तोंड कुठं आहे ते बघितलं, जणू ते आतापर्यंत त्याला ठाऊकच नव्हतं.

जानेवारीत ओगन्यान गाडी उंच करायला घेऊन आला, तेव्हा तिचा सेल्फ बंद होता. उतारावर ढकलून चालू करता यावी म्हणून त्यानं ती उलटी आत घातली होती, तोंड दाराकडे. आणि चावदारनं डोकं चालवलं नव्हतं. नुसतं दाराकडे बघितलं होतं.

पाना हातातच होता. आठ नट. पाचरी काढून फिरवायला अर्धा तास पुरला असता. कोण बघणार होतं? फार तर देल्चो येऊन पुन्हा बाटलीची चेष्टा करून गेला असता.

त्यानं नट सैल केले. पाचरी काढल्या, घासलेटनं धुतल्या, कोरड्या पुसल्या. दोन्हींवर त्याच्याच हातची पंचची खूण होती. त्यानं टोपी काढली, पाचरी तिच्यात ठेवल्या आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं.

बाहेर बारीक पाऊस होता. खानावळीच्या दारातून देल्चोनं दबक्या आवाजात विचारलं, “सापडलं काही?”

“पाचर,” चावदार म्हणाला. “माझी.”

तो थांबला नाही. वर रुसाकाकूच्या धुराड्यातून धूर निघत होता. बोडक्या डोक्यानं, टोपी दोन्ही हातांत धरून, कबरीवर गव्हाचं ताट नेतात तसा, तो चढ चढू लागला.