शिशीवरचा उंदीर

पोळ्याच्या दिवशी बैलावर तुतारी, म्हणजे आरीची काठी, उगारायची नसते. म्हणून तुलारामने ती बायकोवर उगारली.

रुखमाने हात आडवा धरला तर पहिला फटका कोपरावर बसला, दुसरा पाठीवर. तुतारीच्या आरीने चोळी फाटली आणि रक्त कमरेपर्यंत उतरलं. कारण काय, तर पोळ्याच्या तोरणाखाली दारूच्या नशेत धिंगाणा घालणाऱ्या नवऱ्याला ती चारचौघांत घरी चला म्हणाली. कारण नसतं तरी त्याने शोधलंच असतं म्हणा.

सासू चंद्रभागाबाई ओट्यावर बसून सगळं पाहत होती.

"आत्याबाई, सोडवा न," रुखमा म्हणाली.

"नवरा हाय तुहा. मी काय बोलू?"

हेच उत्तर रुखमा लग्नापासून ऐकत आली होती. बाई कधी मध्ये पडली नाही, कधी हळदही लावून दिली नाही. दगड तरी उन्हाने तापतो.

तेवढ्यात सहा वर्षांची मंदा बापाच्या पायाला बिलगली. तुलारामने तिला मानेला धरून उचललं आणि भिंतीवर आदळलं. पोरीच्या कानातून रक्त आलं.

"उद्या हिलेबी पायतो," तो म्हणाला आणि अंगणात जाऊन बसला.

आजवर रुखमाने स्वतःची हाडं मोडून घेतली, ब्र काढला नाही. पण पोरीच्या कानातलं रक्त पाहिलं आणि तिने ठरवलं, आता हा माणूस नको.

धानाच्या ढोलीमागे तिने कामावरून चोरून आणलेली एक शिशी लपवली होती. कारध्याहून पूल ओलांडून रुखमा रोज भंडाऱ्याला कॉलेजात जायची. यादोराव सरांच्या प्रयोगशाळेत झाडलोट करायची, काचा धुवायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी प्रत्येक शिशीवर चित्र काढून ठेवलं होतं. सशाचं काही असलं की ससा, कोंबडीचं असलं की कोंबडी. या शिशीवर उंदीर होता. बाजारात मिळणाऱ्या विषाच्या पुडीवर असतो तसाच, लांब शेपटीचा. वर सरांनी दम भरला होता, "हिला कोणी हात लावायचा नाही." विषाची याहून मोठी खूण काय असते?

तिने शिशीतली पांढरी भुकटी नवऱ्याच्या कढीच्या वाटीत मिसळली. मान वर केली तर दारात सासू.

चंद्रभागाबाईने वाटी उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली. "आंबली का म्हणून पायलं," ती म्हणाली. "त्याले मी वाढतो. तू पोरीले पाय."

जेवण तिनेच वाढलं. मोहाच्या दारूचा ग्लासही तिनेच भरून त्याच्या हातात दिला. "घे बाप्पा, सण हाय." मारकुट्या पोराचे असले लाड पाहून रुखमाच्या जिवाचा संताप झाला.

थोड्या वेळाने तुलाराम पोट धरून पडला. तोंडाला फेस आला. टाचा घासून घासून त्याने सारवलेली जमीन उकरली, हंडा लाथेने फोडला. शेजारी डोकावले आणि पोळ्याची दारू चढली म्हणत परत गेले. कोंबडं आरवायच्या सुमाराला तो गप्प झाला.

चंद्रभागाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. गावाच्या रीतीप्रमाणे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे, दारातली पळसाची फांदी काढली, तिला झिजलेला झाडू आणि गंजका डबा बांधला आणि ती मारबत शिवेबाहेर टाकायला निघाली. "रोगराई, ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत," असं ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडली म्हणतात. परत आल्यावर तिने हंबरडा फोडला.

दारूनेच गेला, असं गाव म्हणालं. दुपारी वैनगंगेच्या काठावर तो जळून गेला.

सुतकाचे दिवस झाल्यावर रुखमा कामावर गेली. सर कपाटापाशी उभे होते.

"उंदराची शिशी कुठं आहे? किल्ली फक्त तुझ्याजवळ असते. खरं सांग, नाहीतर पोलिसात कळवावं लागेल."

रुखमाच्या मनात आलं, आपण जेलात गेलो तर मंदा त्या सासूच्या हाती. पण पोटातलं पोटात राहीना. तिने सगळं सांगितलं.

सर मटकन खाली बसले.

"अगं, ते विष नव्हतं. उंदराच्या अंगात चरबीतली आम्लं वाहून नेणारं प्रथिन असतं, हे तेच. परदेशात जंतूंकडून बनवून घेतलेलं. वर्षभर वाट पाहिली होती मी त्याची." त्यांनी कपाळाला हात लावला. "अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं समज. त्यानं उंदीरही मरत नाही, माणूस काय मरणार?"

रुखमा पुलावरून अक्षरशः पळत घरी आली. चंद्रभागाबाई ओट्यावर मंदाची वेणी घालत बसली होती.

"आत्याबाई, मी नाही मारलं त्यायले," रुखमा रडत म्हणाली. "मी कढीत शिशी ओतली होती. पण तिच्यात विष नव्हतं."

"मले मालूम हाय," सासू म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "वासच नव्हता त्या वाटीले. बिनवासाच्या औषधानं धानावरची कीड मरत नाही, हा काय मरते? म्हणून तं फवारणीच्या डब्यातलं त्याच्या ग्लासात ओतलं, अन् डबा मारबतीसंगं पाठवला."