नव्या स्विचचा पहिला प्रश्न

स्विचने प्रश्न विचारलाच नाही.

तारवाल्या ताई नेटवर्कच्या यंत्रांच्या रॅकमागे, गार फरशीवर मांडी ठोकून बसल्या होत्या. हॉस्पिटलात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. कोरा स्विच पहिल्यांदा सुरू केला की आधी विचारतो, सुरुवातीची मांडणी करायची का? हा पठ्ठ्या मात्र वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर थेट पासवर्ड मागत होता. कोऱ्या यंत्राला कसला आलाय पासवर्ड!

त्यांनी सहज म्हणून खात्याचा नेहमीचा पासवर्ड टाकला. तो चालला. स्क्रीनवर नाव उमटलं, ‘अतिदक्षता १’. ते तर जुन्या स्विचचं नाव!

अतिदक्षता विभागातल्या बारा खाटांचे मॉनिटर त्या जुन्या स्विचवरूनच नर्सच्या टेबलापर्यंत पोहोचत होते. आता तो थकला होता. दुपारी एक वाजता त्याची जागा या नव्या स्विचने घ्यायची होती. एरवी ताईंनी हे काम गुणगुणत उरकलं असतं. पण परवापासून सात नंबरच्या खाटेवर त्यांचा दादा होता.

हे काम ‘शॉर्टकट’चं, त्यांनी ओळखलं. खात्यात हे टोपणनाव मिळवलेल्या त्यांच्या सहकाऱ्याला अंग मोडून काम करणं कधी ठाऊकच नव्हतं. जुन्याची सगळी मांडणी, सगळी सेटिंग्ज त्याने जशीच्या तशी नव्यात उतरवून ठेवली असणार. एका नावाचे, एका पत्त्याचे दोन स्विच एका जाळ्यात आले की दोघे भांडत बसतात आणि मरण ओढवतं वरच्या माणसांवर. ताईंचं डोकं सणकलं. त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, नव्या स्विचला कुणीतरी आधीच हात लावलाय. सगळं पुसून पहिल्यापासून करते."

"पुसा. पण नीट बघून हं."

"बारा वर्षं हेच करतेय साहेब."

स्विचनेही खात्री करून घेतली. सगळं पुसायचं? नक्की? पुन्हा सुरू करायचं? ताईंनी तिन्ही वेळा होकार दिला. पंखे जोरात घोंघावले. आपलाच श्वास ऐकू येईना इतका आवाज झाला. कपाळावर घाम घेऊन त्या सरकणाऱ्या ओळींकडे बघत राहिल्या. पाचेक मिनिटांनी ओळी थांबल्या आणि शेवटी तो प्रश्न आला. सुरुवातीची मांडणी करायची का?

"आता कसं सुतासारखा सरळ आलास!" त्या यंत्राला म्हणाल्या.

साहेबांना कळवायला त्यांनी फोन उचलला. अतिदक्षता विभागाचे सहा कॉल येऊन गेले होते. सातवा तेवढ्यात वाजला.

"ताई, कधीची फोन करतेय! आमचे सगळे स्क्रीन काळे पडलेत. एकेका खाटेपाशी पळतोय आम्ही. काही केलंत का खाली?"

"नाही हो. जुन्याला तर मी बोटसुद्धा..."

"थांबा, सात नंबरकडे डॉक्टर धावलेत." फोन बंद झाला.

ताईंनी लॅपटॉपची वायर धरली आणि तारांच्या जंजाळात हात घालून ती चाचपत नेली. रॅकमध्ये दोन्ही स्विच एकाखाली एक होते, हुबेहूब सारखे.

वायर वरच्या, जुन्या स्विचमध्ये खोचलेली होती.