एकाच वाटीतली हळद

“कुत्र्याला घूस चावली म्हणून डाक्टर? उद्या कोंबडीला मुंगी डसली तर मुंबईला न्यायची का?”

भिवराबाईंनी सुनेला जागच्या जागी गप्प केलं. सुकन्यानं उचललेला फोन खाली ठेवला.

सरदारनं कडब्याच्या गंजीखालून घूस ओढून काढली होती. मरता मरता तिनं त्याच्या नाकाडात दात रोवले. भिवराबाईंनी करडईच्या तेलात हळद कालवली, जखमेवर थापली आणि वाटीत उरलेली आपल्या टाचांच्या भेगांत भरली. लांडग्याला परतवून लावणारं कुत्रं ते. त्याच्या जिवावर सारा कळप निर्धास्त बसायचा.

जखम भरली. येणाऱ्या-जाणाऱ्याला भिवराबाईंचं ते सांगूनही झालं, तरी त्याच्या नाकाला आणि आपल्या टाचांना रोजची हळद त्यांनी सोडली नाही.

मग सरदारनं भाकरी सोडली. दुधात कुस्करून दिली तरी हुंगून तोंड फिरवलं. मागच्या पायांत बळ राहिलं नाही. बसल्या जागीच मुतायचा, तेही काळ्या चहासारखं. भिवराबाई अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी त्याचं सगळं काढत. रोज गोणपाट बदलत. सुकन्या पुढं झाली की म्हणत, “सर बाजूला. माझं लेकरू हाय ते.”

“आत्याबाई, तुमी का जेवत न्हाई?”

“त्याच्या तोंडात घास न्हाई, माझ्या घशाखाली उतरंल का?”

वाकून वाकून त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. अंगात कणकण होती. जीव तुटतो तेव्हा अंगही तुटायचंच, असं त्यांना वाटे.

शेवटी त्याच म्हणाल्या, “लाव तुझ्या डाक्टरला फोन.”

सुकन्यानं लगेच फोन लावला. या बाईनं शब्द मागं घेतलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

जनावरांचे डॉक्टर बद्रीनाथ शिरूरहून आले. हातमोजे घालून त्यांनी सरदारचा ओठ वर केला, पापणी ओढली. हिरडी पिवळी, डोळा पिवळा.

“हळद लावलीय मी,” भिवराबाई म्हणाल्या.

“मावशी, ही हळद न्हाई, कावीळ हाय. घुशीपासून आलीय. चावली तवाच बोलवायचं होतं.”

“बोलता काय नुसतं? सुई द्या की!”

त्यांनी दिली. निघताना म्हणाले, “याच्या मुतातून दुसऱ्यालाबी लागतं. जपा.”

भिवराबाईंनी लगोलग सारी मेंढरं पलीकडच्या रानात हलवायला लावली. “एकाला लागली ती लागली. बाकीच्यांना झळ पोचता कामा न्हाई.” आणि परत सरदारचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथंच गेला.

बोरीखाली खड्डा खणला. भिवराबाईंनी आपली घोंगडी त्याच्यावर घातली, मीठ टाकलं, माती लोटली. मग सुनेसमोर पहिल्यांदा रडल्या.

“माझ्या तोंडानं खाल्लं गं त्याला. माझा माज नडला. पर फिटलं आता. देवाला न्यायचं ते त्यानं नेलं.”

सुकन्यानं त्यांना दगडावर उन्हात बसवलं. साबण लावून हात धुतले, पाय धुतले. बोटांवरची, भेगांतली हळद पाण्याबरोबर वाहून गेली. मग तोंड पुसायला तिनं ओला पदर घेतला, सासूची हनुवटी वर उचलली आणि तिचा हात तिथंच थांबला.

“आत्याबाई,” ती हळूच म्हणाली, “हळद डोळ्यात कशी गेली?”