खालचं बिऱ्हाड

उन्हानं घरं भट्टीसारखी तापू लागली, तशी सगळी गल्ली जमिनीखाली राहायला गेली. तिथे एक रीत मात्र सगळे कसोशीनं पाळत. कुदळ मारण्याआधी ठोठावायचं आणि कान देऊन थांबायचं. पलीकडे कुणी राहत असेल, तर तो उलट ठोठावतो. मग तिथे खणायचं नाही.

गवंडीकाकांचं बिऱ्हाड सगळ्यांत खोल. त्यांची बाळंतीण लेक तिथल्या गार जमिनीवर बाळाला कुशीत घेऊन निजली होती.

भर दुपारी तिच्या अंथरुणाशेजारी, जमिनीखालून टकटक झाली.

"उंदीर असेल," काका म्हणाले.

"उंदीर ठोठावून थांबतो होय?" काकू कुजबुजल्या. "अहो, कुणीतरी विचारतंय. उत्तर द्या आधी!"

"आपल्याखाली कोण राहणार? नुसता कातळ आहे."

पुन्हा टकटक झाली. मग शांतता पसरली. कुणीतरी वाट पाहत असावं, तशी.

देवाचं नाव घेत काकांनी हातोडी उचलली आणि जमिनीवर जोरजोरात ठोठावलं. "आहोत रे बाबा, आम्ही आहोत! घरात तान्हं लेकरू आहे!"

खाली चिडीचूप झालं. काकूंनी हात जोडले. "ऐकलं हो! शेजार बरा दिसतोय."

लेक मात्र बाळाला छातीशी धरून उठून बसली होती. "बाबा, वर चला."

"वर? अगं, या उन्हात बाळ करपून जाईल—"

तेवढ्यात खालून कुदळीचा पहिला घाव बसला. काकांनी जिथे ठोठावलं होतं, नेमका तिथेच.